खटक्यावरचा नाडा

मनोहररावांना धरमपेठेत 'जाळीवाले प्राध्यापक' म्हणत. त्यात थट्टा किती नि कौतुक किती, हे म्हणणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं आणि उरलेला सगळा वेळ कारखान्यांतून हिंडत कुणाचं बोट कुठे तुटलं, कुणाचा पंजा कशात सापडला याची चौकशी करायची, हे त्यांचं संशोधन. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते आधी शेजाऱ्याच्या हाताकडे बघत आणि मग ताटाकडे. त्यांची बायको शोभाताई म्हणायची, ह्यांना माणसं चेहऱ्यांनी नाही, बोटांनी लक्षात राहतात.

त्यांची पहिली जाळी बसली ती कामठी रस्त्यावरच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात, एकोणीसशे सत्तरनंतरच्या एका उन्हाळ्यात. तिथे प्रेस मशिनं होती. पत्रा आत ठेवायचा, पायानं पायटा दाबायचा, की वरून लोखंडी ठोकळा धाडकन खाली येई आणि डब्याचं झाकण कापलं जाई. कधीकधी झाकणाबरोबर बोटही. मनोहररावांनी प्रेसच्या तोंडाला जाळीचं दार लावलं आणि दाराच्या कडेला एक खटका. दार लागलं की खटका दबणार, आणि खटका दबला तरच ठोकळा खाली येणार. दार उघडं असताना पायट्यावर उभं राहून नाचलात तरी मशीन हलणार नाही. कल्पना अगदी साधी होती, पण ती इतकी साधी करता करता त्यांचे केस पिकले होते.

कामगारांना मात्र ही ब्याद वाटली. दर वेळी दार उघडा, दार लावा, कोण करेल? तेव्हा जाळी वापरून बघायला मारोतराव पुढे आला. तो पारशिवनीकडचा, मनोहररावांच्याच भागातला, आणि हाताला जपणारा माणूस. पत्रा अडकला तर तो कधी बोटं आत घालत नसे, लांब चिमट्यानं ओढून काढी. मनोहररावांनी सगळ्यांसमोर दार उघडलं, स्वतःचा हात ठोकळ्याखाली ठेवला आणि पायटा दाबला. काही झालं नाही.

"दार उघडं म्हणजे मशीन मेलेलं," ते म्हणाले. "मारोतराव, आता तुमच्या चिमट्याला पेन्शन द्या."

सगळे हसले. मारोतरावनं चिमटा खिळ्याला टांगून ठेवला. त्या पावसाळ्यात कारखान्यात कुणाचं नखसुद्धा गेलं नाही, आणि मनोहरराव आनंदानं वेडे व्हायचे तेवढे बाकी राहिले.

मग दसरा आला. दसऱ्याला त्या कारखान्यात कामगारांची बायकामुलं येत. मशिनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालत, जाळीची दारं उघडून आत हळदकुंकू लावत. मारोतरावची बायको भागीरथा हिनं पूजेचा लाल नाडा आणला होता. नाडा बांधायचा तर मनगटाला बांधतात. मशीनला मनगट कुठलं? तिला प्रेसच्या तोंडाशी बोटाएवढा एक दांडा पुढे आलेला दिसला, नवऱ्याचा हात जिथे जायचा त्याच्या अगदी शेजारी. तिनं मनोभावे त्या दांड्याला नाड्याचे वेढे दिले, दांडा मागच्या पट्टीशी घट्ट आवळला आणि गाठ मारून हात जोडले. तो दांडा म्हणजे खटका होता.

पूजेचा नाडा कुणी हातानं तोडत नाही, आपोआप गळून पडेस्तोवर राहू देतात. तो राहिला. दार लावून काम चालू होतं तोवर फरक कुणाला कळणार? दिवाळीच्या आधी एका सकाळी पत्रा वाकडा बसला. मारोतरावनं दार उघडलं. दार उघडं म्हणजे मशीन मेलेलं. चिमटा खिळ्याला होता. त्यानं उजवा हात आत घातला. पाय सवयीनं पायट्यावर होता.

मनोहरराव पोचले तेव्हा मारोतरावला दवाखान्यात नेलं होतं. फोरमन चंपतराव डोक्याला हात लावून बसला होता. "तुमची जाळी फेल झाली जी," एवढंच तो म्हणाला. मनोहरराव प्रेसपाशी वाकले आणि त्यांना तो नाडा दिसला, तेलानं काळपट लाल झालेला, खटक्याला गच्च धरून बसलेला. इतकी वर्षं त्यांनी लोखंडाचा विचार केला, वेगाचा केला, पायाच्या जोराचा केला. ह्या मशीनला कुणी हात जोडील आणि मग त्याला काही बांधील, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आणि लहानपणी पारशिवनीला त्यांची आई वखराला हाच नाडा बांधायची.

त्यांनी चंपतरावच्या देखतच तो कापून खिशात टाकला. सगळ्यांना सांगितलं, खटका अडकला होता, चूक माझी आहे.

दवाखान्यात भागीरथा खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मारोतरावचा हात मनगटापासून गेला होता. तिनं मनोहररावांकडे पाहिलं, रागानं नाही, आणि ते फार वाईट होतं.

"मी नाडा बांधला होता जी मशीनले," ती म्हणाली. "म्हणून हातावर निभावलं. नाही तर जीवच गेला असता."

मारोतराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. मनोहररावांचा हात खिशातल्या नाड्यावर गेला. ह्या बाईच्या हातात आता एवढंच उरलं आहे, ते कसं काढून घ्यायचं? ते गप्प बसले. वर्षभर गप्प बसले. लोखंडी डबीत झाकलेला, नाडा बांधताच येणार नाही असा नवा खटका त्यांनी तयार केला, पण मालक म्हणाले, दिवाळीनंतर बसवू. मारोतरावला फाटकावर बसायची नोकरी मिळाली. तो डाव्या हातानं सलाम करी, आणि तो सलाम घेताना मनोहररावांची मान खाली जाई.

पुन्हा दसरा आला. मनोहरराव मुद्दाम लवकर कारखान्यात गेले. मनात होतं, पूजा उरकली की गुपचूप सगळ्या मशिनांवरून नजर फिरवायची, कुठे नाडा असला तर कापून टाकायचा. आत शिरले आणि जागीच थांबले. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक प्रेसच्या खटक्याला लाल नाडा होता. भागीरथा टोपली घेऊन मारोतरावच्या जुन्या मशीनशी वाकून गाठ आवळत होती; आता एकच मशीन उरलं होतं. तिच्या मागे बायका उभ्या होत्या.

"समद्याच म्हणून राहिल्या, भागीरथाबाई, तुमच्याच हातानं बांधा," ती हसून म्हणाली. "तुमच्या नाड्यानं जीव वाचवला म्हणे. इथून मले कन्हानले जायचं हाय. माह्या बहिणीचा नवरा तिथं हाय ना, त्याईच्याबी मशीनले अशीच जाळी बसवली तुम्ही."

चंपतराव कानाशी येऊन म्हणाला, "उद्या मी कापून टाकतो जी. कायले बोलता?"

इथले कापता येतील. कन्हानचे कोण कापणार? आणि पुढच्या दसऱ्याचे? धरमपेठेत घोटून शुद्ध केलेली मनोहररावांची भाषा कुठल्या कुठे गेली.

"माय, तिथं नको बांधू," ते म्हणाले.

"काहून?"

तोंडानं सांगणं त्यांना जमेना. त्यांनी शेजारचं, नाडा न बांधलेलं एकच मशीन चालू करायला लावलं. दार उघडं ठेवून पायटा दाबला. काही झालं नाही. मग पत्रा ठेवला, खटका बोटानं दाबून धरला, नाड्यानं दाबून धरावा तसा, आणि पुन्हा पायटा दाबला. दार उघडंच होतं. ठोकळा धाडकन खाली आला. पत्र्याचं गोल झाकण घरंगळत भागीरथेच्या पायाशी गेलं.

भागीरथा झाकणाकडे बघत राहिली, मग खटक्याकडे, मग आपल्या हातातल्या नाड्याकडे. आवाज ऐकून मारोतराव फाटकावरून आत आला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"तुमाले मालूम होतं?"

"हात गेला तवाच दिसला होता," मारोतराव म्हणाला. "लाल."

"मंग बोल्ले काहून नाही?"

"तू दवाखान्यात रोज मले सांगत होती वं, नाड्यानं वाचवलं म्हणून. म्हटलं, राहू द्या तिच्यापाशी तेवढं."

मनोहररावांना वाटलं, आता ही बाई कोसळेल, निदान आपल्याला शिव्या तरी देईल. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. चंपतराव कात्री घेऊन आला तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. रांगेच्या टोकाला गेली आणि आपणच बांधलेला एकेक नाडा सोडवायला लागली. सोडलेला नाडा गुंडाळून टोपलीत ठेवी आणि पुढच्या मशीनकडे जाई. बायका बाजूला सरकून तिला वाट देत होत्या.

शेवटी ती मारोतरावच्या मशीनशी आली. ही गाठ तिनं सगळ्यांत घट्ट मारली होती. नखं लावली, दात लावले, सुटेना. मारोतराव पुढे झाला आणि डाव्या हातानं त्यानं नाड्याचं एक टोक ताणून धरलं. दुसरं टोक तिनं धरलं. गाठ सैल झाली, सुटली. दोघांपैकी कुणी दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

मनोहरराव म्हणाले, "कन्हानला मी जाऊन सांगतो, भागीरथाबाई."

"तुमचं कोण ऐकते?" ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज साधाच होता. "तुम्ही म्हणान नाडा बांधू नका, बाया म्हणतीन सायेबाले देव नाही. मलेच सांगा लागन. माह्याच नाड्यानं यांचा हात गेला, असं सांगीन. मंग ऐकतीन."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दाराकडे निघाली. मारोतरावनं डाव्या हातानं टोपली उचलली आणि तो तिच्या मागोमाग गेला.