संयोगिताताईंच्या जीपवरचा भोंगा

मित्रांनो, जीपच्या टपावर बांधलेला, धोत्र्याच्या फुलासारख्या पसरट तोंडाचा भोंगा तुम्ही जत्रेत किंवा निवडणुकीत पाहिला असेल. तसलाच मी एक. आता म्हातारा झालो आहे. माझ्या कडेला पोचा आला आहे आणि रंग तर कधीच उडून गेला. पण एका बाईचा आवाज माझ्या तोंडून गेला, तो आठवला की आजही पोटातला पातळ पडदा थरथरतो.

माझा जन्म पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर दाबून मला आकार दिला गेला. सांगलीच्या दुकानातून मला विकत घेतलं मानसिंगरावांनी. ते कृष्णाकाठचे मोठे पुढारी, घरीदारी सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या वडिलांनी गावात साखर कारखाना उभा केलेला, आणि ते स्वतः आमदार. त्यांचा आवाज असा भरदार की माझ्यावाचूनही तो पलीकडच्या गल्लीत जायचा. सभा संपली की ते मला थोपटून म्हणत, "आज झकास बोललास रं गड्या!" मी फुलून जाई.

एका सकाळी मानसिंगराव हृदयविकारानं गेले. पोटनिवडणूक लागली. थोरला मुलगा वीरधवल कारखान्याचा अध्यक्ष होता. त्याला ती खुर्ची सोडवेना. मग घरच्यांनी धाकट्या मुलीला उभं केलं. संयोगिता तिचं नाव. सांगलीच्या विश्रामबागेत राहून वकिली शिकलेली, अबोल मुलगी. आपल्या शब्दाबाहेर ती जाणार नाही, असं सगळे धरून चालले होते.

तिची पहिली सभा आष्ट्यात झाली. मैदान गच्च भरलं होतं. ती माईकसमोर उभी राहिली आणि पाठ केलेलं भाषण पार विसरली. माझ्यातून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मंचावरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून साळूबाई ओरडली. ही नदीकाठच्या वाडीवरची, पदर खोचून बसलेली म्हातारी. "बोल की गं पोरी! आमी काय पळून चाललोय व्हय?"

मैदान हसलं. संयोगिताही हसली. "मावशी, मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा, मी ऐकते."

आणि तिनं खरंच माईक खाली दिला! साळूबाईनं वाडीला दवाखाना नसल्याचं सांगितलं, मग दुसरी बाई उठली, मग तिसरी. आजवर माझ्यातून पुढारीच बोलले होते. त्या दिवशी माझ्यातून गाव बोललं. मी थक्क झालो.

संयोगिता निवडून आली. वाडीवर दवाखाना झाला. महापुराच्या साली ती कंबरभर पाण्यातून घराघरात गेली आणि माणसं होडीत बसवली. जीप चालवायला सर्जेराव होते, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. ते अभिमानानं सांगत, "आमच्या ताईसाब मागं वळून बघत न्हाईत." लोक तिला ताईसाहेब म्हणू लागले होते.

मग ती फाल्गुनातली सकाळ आली. नदीवर मेलेले मासे पांढऱ्या चादरीसारखे पसरले होते. पाणी काळं पडलं होतं आणि दुरूनच नाक धरावं असा वास सुटला होता. कारखान्याची मळीची टाकी फुटून सगळी घाण नदीत गेली होती. तेच पाणी नळाला येत होतं. वाडीवरची मुलं उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात निजली होती.

संयोगिताताई काठावर उभ्या होत्या. वीरधवल गाडीतून घाईनं उतरला.

"संयू, चार दिवसांत वाहून जाईल सगळं. तू काही बोलू नकोस."

"चार दिवस लोकांनी हेच प्यायचं?"

"बोंब झाली तर गाळप बंद पडेल. लोकांचा ऊस रानात वाळेल. त्यांचे शिव्याशाप कोण घेणार? आबांच्या नावाला काळं लागेल." तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. तो भ्यालेला होता.

ताईंनी वाकून ते काळं पाणी पाहिलं. मग म्हणाल्या, "दादा, दवाखान्यातली पोरंही आबांच्याच गावची आहेत." आणि जीपमध्ये येऊन बसल्या. "सर्जेराव, वाडीवर घ्या. तिथून पुढची सगळी गावं."

माझा खटका दाबला गेला.

"मी संयोगिता मानसिंगराव बोलतेय. नळाचं पाणी पिऊ नका. जनावरांनाही पाजू नका. आमच्या कारखान्याची मळी नदीत गेली आहे. होय, आमच्या कारखान्याची."

'आमच्या' हा शब्द ताई प्रत्येक गावात म्हणाल्या. 'एका कारखान्याची' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी विचारलंही नसतं. मी किती भाषणं ऐकली, किती शपथा ऐकल्या, पण आपल्याच घराचं नाव घेऊन असं बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. माझा पडदा फाटतो की काय असं मला वाटलं.

पुढच्या गावात ज्यांचा ऊस तोडायचा राहिला होता ती माणसं चिडून रस्त्यावर आली. "घरभेदी!" कुणीतरी ओरडलं. एक दगड माझ्या कडेवर आदळला. हा पोचा त्याचाच. दोघे जण टपावर चढले आणि त्यांनी माझी वायर तोडली. मी मुका झालो.

सर्जेराव खाली उतरू लागले. ताईंनी त्यांना थांबवलं. त्या बॉनेटवर चढल्या आणि ओरडू लागल्या, "पाणी पिऊ नका!" घसा बसला, तरी ओरडत राहिल्या. बायका दारात येऊन बघत होत्या. वाडीवरून साळूबाई बायकांना घेऊन जीपमागोमाग चालत आली होती. ती ताईंना म्हणाली, "आता तुमी गप ऱ्हावा. आमाला बी तोंड हाय." त्या बायका एकेका दारात गेल्या. गावच्या बाया त्यांना येऊन मिळाल्या. भरलेले हंडे उंबऱ्याबाहेर पालथे होऊ लागले. मी टपावर मुका पडून ते बघत होतो, आणि निरोप माझ्यावाचून पुढच्या गावाला चालला होता!

कारखाना बंद पडला. काहींचा ऊस खरंच वाळला आणि त्यांनी ताईंना शिव्या दिल्या. दवाखान्यातली मुलं मात्र सगळी हसतखेळत घरी गेली. पुढच्या निवडणुकीत पक्षानं तिकीट वीरधवलला दिलं. ताई अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या.

निकालाच्या दिवशी वीरधवलची मिरवणूक पुलावर आमच्या जीपसमोर आली. ताशे थांबले. ताई उतरल्या, कुणाच्या तरी ताटातला गुलाल घेतला आणि भावाच्या कपाळाला लावला.

"अभिनंदन, दादा. आता टाकी नीट बांधून घ्या. मी रोज नदीवर येऊन बघणार आहे."

वीरधवलनं मान खाली घातली. "ये," एवढंच तो म्हणाला.

ताई खरंच रोज आल्या. पुढच्या हंगामाआधी नवी टाकी उभी राहिली, सांडपाणी स्वच्छ करायची यंत्रणाही बसली. नंतरच्या निवडणुकीत वीरधवल उभाच राहिला नाही. ताई अपक्ष म्हणूनच निवडून आल्या, आणि ज्यांनी माझी वायर तोडली त्यांच्या गावानंही त्यांना मतं दिली.

आता सभांना उंचच उंच स्पीकर लागतात. मी ताईंच्या कचेरीतल्या माळ्यावर पडून असतो. माझ्या तोंडात गांधीलमाशीनं घर केलं आहे. कधी वर आलात तर मला पुसा, मला बरं वाटेल. पण त्याआधी नदीवर जा. वाकून पाणी बघा. काळं दिसलं, तर घाण कुणाच्या घरातून आली हे न बघता मोठ्यानं सांगा. भोंगा नसला तरी चालतं, मित्रांनो. मी स्वतः भोंगा आहे, म्हणून सांगतो.