देवळासमोरचा निळा चौकोन

मी एक फोटो बोलतोय. लग्नाबारशातला नव्हे, आकाशातून काढलेला. इब्रामपूरच्या एका देवळाच्या सभागृहात मला काचेत घालून भिंतीवर टांगलंय, जत्रेला हारही घालतात. हार घाला नाहीतर आरती ओवाळा, आज मी बोलणारच. गप्प बसून बसून माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म डिसेंबरातल्या एका सकाळचा. एक उपग्रह गोव्यातल्या पेडण्यावरून चालला होता, त्याने खाली नजर टाकली आणि झालो मी. तो कुठे थांबत नाही, कुणाची विचारपूस करत नाही. त्या सकाळी देवळासमोर मोठा निळा चौकोन दिसला, तो मी जसाच्या तसा घेतला. यात माझं काय चुकलं, सांगा!

तो चौकोन म्हणजे जत्रेचा मांडव. भात कापून झालं की देवळासमोरच्या मळ्यात निळी ताडपत्री ताणायची, बाजूला गोड खाज्याची दुकानं मांडायची, दशावतार करायचा आणि जत्रा सरली की सगळं गुंडाळून मळा मोकळा करायचा, ही इथली पिढ्यांची रीत. जमीन देवस्थानची, पण कसते देवकी. तिचं घराणं तिथलं जुनं कूळ. मांडव उठला की ती तिथे कालव्याच्या पाण्यावर वायंगण लावते, म्हणजे हिवाळ्यातलं भात.

कुठल्या गावात किती शेती, याचे आकडे पूर्वी तलाठी फिरून गोळा करायचे; त्यांवरच पाटबंधारे खातं कालव्याचं पाणी सोडतं. मग ठरलं, आता आकाशातून मोजायचं. कल्पना वाईट नाही हो! पण गावासाठी एकच फोटो निवडायचा होता आणि निवडलं मला, कारण मी स्वच्छ. पावसाळ्यातल्या भावंडांवर ढग. फेब्रुवारीतली हिरवीगार, पण त्यांच्यावर धुकं. सगळ्यांना शेजारी ठेवून पाहिलं असतं तर कुणालाही कळलं असतं. पण तेवढी सवड आहे कुणाला? संगणकाने निळा चौकोन पाहिला आणि ठोकून दिलं, बांधकाम.

तरी खात्री करायला खात्याचा एक अधिकारी गावात आला. स्वप्नील त्याचं नाव, माणूस सज्जन. त्याने मला सभागृहातल्या टेबलावर पसरलं. ऊन पडून माझ्यावर चकाकी येत होती म्हणून खिडकी लावून घेतली. अहो, त्याच खिडकीतून तो मळा दिसतो! फोटो नीट दिसावा म्हणून शेत झाकणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण फोटोला हात कुठले?

सगळा गाव माझ्यावर वाकला. आनंद तर विचारू नका!

"अरे, ह्यो आमचो मांडव! आभाळासून दिसता!" देवस्थान कमिटीचे अध्यक्ष सगुण ओरडले.

"म्हणजे हे इथे असतंच?" स्वप्नीलने विचारलं.

"असता म्हंजे? दरवर्सा असता! माझ्या आज्याच्या आज्यापासून असता!"

मागून देवकी म्हणाली, "सायबा, मांडव जत्रेपुरतो. मगे थय मी वायंगण…"

"वैनी, देवाच्या कामात आडव्या येव नकात," सगुणनी तिला तिथेच थांबवलं.

देवाचं नाव निघालं की देवकी गप्प होते. स्वप्नीलने लिहून टाकलं, कायम बांधकाम, गावकऱ्यांचा दुजोरा. आणि सगुणनी मला हौसेने मागून घेतलं, फ्रेम केली, भिंतीवर चढवलं.

पुढच्या जत्रेनंतर मळ्यात पाणी आलंच नाही. कालव्याचं दार उघडणाऱ्या दत्तारामला देवकीने ओढत माझ्यासमोर आणलं.

"मी काय करू, देवकीबाय? तुमच्या कालव्याच्या फाट्याखाली शेतच नाय म्हणून वरसून सांगून इला."

"शेत नाय? मगे ह्यो तरवो मी खय लावू?" तिच्या हातात भाताच्या रोपांची जुडी होती, शेंडे पिवळे पडलेली.

ती खात्यातही जाऊन आली. तिथे तिला माझीच दुसरी प्रत दाखवली. संताप होईल नाहीतर काय!

मळा वाळला. कमिटी भरली. सगुण वाईट माणूस नाही, हीच तर अडचण आहे. अगदी मायेने म्हणाले, "वैनी, आता वायंगण नायच. सरकारी कागदारय बांधकामच आसा. थय पक्को रंगमंच बांधूया, देवाचाच काम."

या खेपेला मात्र देवकी गप्प बसली नाही. "भावजी, देवाक मी जत्रेपुरती जागा दिलंय. शेत नाय दिलंय."

कमिटीने पुढचा विषय घेतला.

साहेब लोकहो, उपग्रह वापरा, जरूर वापरा. पण मी एका सकाळचा साक्षीदार आहे, वर्षाचा नव्हे. माझ्या बाकीच्या भावंडांनाही बोलवा, आणि शेत कसणाऱ्या बाईला तिचं वाक्य पुरं करू द्या. एवढंच मागणं आहे माझं.

काल मळ्यात चिऱ्यांचा ट्रक रिकामा झाला. देवकी बांधावर उभी राहून बघत होती. इतके दिवस मी खोटा होतो. आता मी खरा ठरणार आहे, आणि मला ते मुळीच नको आहे.