नळीतलं विष आणि मी

मित्रांनो, मी एक जुना वॉटर बाथ आहे. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या ठरावीक उष्णतेत ठेवायचं भांडं. काही जण मला गरम पाण्याचा डबा म्हणतात, तेव्हा माझा पारा चढतो! डब्याला कधी एक अंशही सांभाळता येतो का?

मी सुरतेच्या एका कॉलेजात होतो. १९९६ साली रंजना तिथे पीएच.डी.चं काम करत होती. खानदेशातून येऊन सुरतेच्या नवागामात राहिलेल्या लूम कामगाराची ही मुलगी. हगवण लावणाऱ्या जंतूच्या विषाचा जनुक तिनं एका निरुपद्रवी जंतूत घातला होता. यालाच क्लोनिंग म्हणतात. जनुक आत शिरायला जंतूंना उष्णतेचा नेमका चटका लागतो. तो मी दिला, आणि झकास दिला.

नव्या जंतूनं विष तयार केलं, पण ते ढिम्म! काहीच करेना. विष जागं झालं की एक्स-रेच्या फिल्मवर काळा पट्टा उमटायचा, पण प्रत्येक फिल्म कोरीच निघायची. पेशीतलं एखादं प्रथिन या विषाला जागं करत असावं, असं रंजनाला वाटे. म्हणून ती पेशींचा अर्क काढी, माझ्यात चांगला उकळी आणि मग विषात घाली. तरीही काही घडत नव्हतं.

उकळायची सवय घरची. शहरात साथ येऊन गेल्यापासून तिची आई धुरपदाबाई सारखी बजावायची, "पानी उकाईसनच पेवानं, बेटा." रंजना तर अर्कसुद्धा उकळून शुद्ध करत होती.

शेवटी तिचे मार्गदर्शक पंडित सर म्हणाले, "रंजना, हा क्लोनच चुकलाय. दिवाळीनंतर विषय बदल." तिचा चेहरा पडला. इतकी वर्षं पाण्यात जाणार होती. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अर्काची शेवटची नळी माझ्यात ठेवली आणि वीज गेली. पाणी जेमतेम कोमट झालं होतं. मी शरमेनं अर्धा झालो. रंजनानं नळी उचलून मोरीकडे नेली. पण दुसरा अर्क नव्हता. ती थबकली, परत आली आणि तोच कच्चा अर्क तिनं विषात घातला.

फिल्म धुऊन आली. काळाकुट्ट पट्टा!

रंजनाला सारा उलगडा झाला. उकळल्यानं पेशीतलं प्रथिनच मरत होतं, मग विषाला जागं कोण करणार? तिनं नवा अर्क काढला. कच्च्या अर्कानं पट्टा येई, उकळलेल्यानं येत नसे. पंडित सर म्हणाले, "क्लोन बरोबर होता. घाई माझीच झाली."

पदवी मिळाली त्या दिवशी धुरपदाबाई मला बघायला आली. "मंग मन्हं उकाळानंच चुकनं का?"

"नही माय! पेवानं पानी उकाईसनच पेवानं. हाई प्रथिन तेवढं कच्चं ठेवनं पडस," रंजना हसत म्हणाली.

मित्रांनो, माझी सर्वांत मोठी कामगिरी मी थंड पडलो तेव्हा झाली, आणि मला त्या थंड पडण्याचाही अभिमान आहे. आता माझ्या जागी आकडे दाखवणारा नवा बाथ आलाय. त्याचं पाणी वेळेवर बदला, तळाशी क्षार साचू देऊ नका. आणि प्रयोग बिघडला, तर नळी लगेच ओतून टाकू नका. त्या दुपारी रंजना मोरीपर्यंत पोहोचली होती.