टोपलीखालचा फोन

रुचीला भुताखेतांची भीती नव्हती, खात्री न होण्याची होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत पीएचडीचं तिचं कामही तसंच होतं. विलक्षण थंड यंत्रात नखाएवढी चिप ठेवायची, आणि तिच्यातला क्यूबिट, म्हणजे या नव्या संगणकाचा सगळ्यांत लहान दाणा, ‘शून्या’तून ‘एका’त हळूहळू ढकलायचा. गंमत अशी, की त्याच्यावर सतत नजर ठेवली तर तो बिचारा पोचतच नाही. निघतो, मोजमाप झालं की पुन्हा जागच्या जागी.

वडील बिसराम दम्याने गेले आणि ती गावी, दवनीवाड्याला आली. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्या आईने, निर्मलाबाईंनी, जिथे प्राण गेला तिथे तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठात पाऊल उमटलेलं दिसलं, पाखराचं म्हणा की मुंगीचं, तर माणूस पुढच्या जन्माला निघाला. तोवर कुणी बघायचं नाही, एवढाच नियम.

न बघता खरं मानायचं, हे रुचीच्या काही पचनी पडेना. आईची नजर चुकवून तिने टोपलीखाली उजेड लावलेला फोन सरकवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

सकाळी आई यायच्या आत तिने तो हळूच काढून घेतला. आईने टोपली उचलली, तर पीठ कोरं. आई मटकन खाली बसली.

“गेले नाही वं ते. इथंच अडकून राहिले.”

असं काही नसतं, असं रुची म्हणणार तेवढ्यात ओसरीतून खोकला आला. कोरडा, लांबलेला, शेवटी शीळ वाजल्यासारखा. दोघींनी तो वर्षानुवर्षं ऐकला होता. ओसरीतली बाज रिकामी होती आणि तिची नवार मधोमध दबलेली होती.

रुचीने लपवलेला फोन काढून रेकॉर्डिंग पाहिलं. आधी सपाट पीठ. मग मधे बोटाएवढा खळगा पडू लागला, जरा खोल गेला आणि भरून आला. पुन्हा पडला, पुन्हा भरला. शेवटपर्यंत तेच. हे तिने प्रयोगशाळेच्या पडद्यावर किती वेळा पाहिलं होतं! बघत राहून तिने बापाला जागीच खिळवलं होतं.

तिने रडतरडत आईला सगळं सांगितलं.

“कायले ठेवला वं तू फोन?” आई ओरडली. त्या दिवशी दोघींनाही घास गेला नाही.

संध्याकाळी पुन्हा पीठ पसरलं. रुची फोन दूर ठेवायला उठली, तर आईने तिचा हात धरला.

“पाहत राहिलं तं जानार नाही म्हनतेस ना?”

“हो.”

“मंग ठेव. राहू दे त्यायले.”

रुचीलाही तेच हवं होतं, अगदी मनापासून. तिने रेकॉर्डिंग लावून फोन टोपलीखाली ठेवला.

लगेच खोकला सुरू झाला, आता अगदी जवळ, आणि थांबेना. मग दम्याची ती ओळखीची घरघर लागली. अशा वेळी आई नेहमी त्यांची पाठ चोळत बसायची. आताही तिचा हात सवयीने पुढे गेला, आणि पाठ न सापडून हवेतच वरखाली होत राहिला.

तिनेच टोपली उचलली. फोन रुचीकडे देऊन बंद करायला लावला, टोपली परत पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

“तू बी पाहू नको, पोरी.”

रुचीने डोळे मिटले. घरघर चालूच होती. आई हलक्या आवाजात म्हणाली,

“जा जी आता. आमी कोनी पाहून नाही राहिलो.”