सात नंबरचा बॅलन्स

खंडेनवमीला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पूजा व्हायची ती एकट्या आसारामच्या हातून. तो तिथला शिपाई. एका टेबलावर फुलं वाहायचा, नारळ फोडायचा, खोबरं वाटायचा, की संपलं. बहात्तर साली कुलथे सर विभागप्रमुख झाले आणि त्यांनी फर्मान काढलं, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येकाने आपापल्या बॅलन्सची पूजा स्वतः करायची.

बॅलन्स म्हणजे काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवणारा. मनकर्णा रोकडेकडे सात नंबरचा होता. तिने काच पुसली, पारडी ब्रशने झाडली आणि कुंकवाची वाटी हातात आली तशी ती शेजारच्या सुमनकडे सरकवली.

"अगं, लाव की," सुमन कुजबुजली. "हळदीत चुना पडला की लाल. इंडिकेटर समज आणि लाव!"

मागची पोरं फिदीफिदी हसली. मनकर्णालाही हसू आलं, पण हात पुढे झाला नाही. राजूरजवळच्या गावात, ती तीन वर्षांची असताना, तिच्या वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून प्रवरेत सोडले होते आणि धम्मदीक्षा घेतली होती. पाढ्यांच्या आधी तिला बावीस प्रतिज्ञा पाठ होत्या.

कुलथे सर जवळ आले. "काय अडलं, मिस रोकडे?"

"सर, आम्ही बौद्ध आहोत. पूजा करत नाही. बॅलन्स स्वच्छ केलाय मी."

"असं होय." सरांचा आवाज अगदी मऊ होता. "हरकत नाही. सक्ती कुणावरच नाही. फक्त ज्याला नमस्कार करवत नाही, त्याला हातही लावायचा नाही."

तिला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. दिवाळीनंतर आली तर सात नंबरच्या पेटीला कुलूप होतं. दुसऱ्या कुणाचा बॅलन्स मागायची सोय नव्हती. वजन केल्याशिवाय द्रावण करता येत नाही आणि द्रावणाशिवाय पुढचं काहीच होत नाही. सुमनने एकदा तिच्यासाठी सोडा मोजून दिला, तर सरांनी तो तिच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतला. "उसनं वजन चालत नाही," म्हणाले.

फेब्रुवारीत जर्नलचे अकरा प्रयोग कोरे होते. जर्नलवर विभागप्रमुखांची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि त्या परीक्षेवाचून पदवी नाही. मनकर्णाने ग्रंथालयात बसून घटनेचं अठ्ठाविसावं कलम उतरून काढलं, सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीवाचून पूजेला हजर राहायला लावता येणार नाही ते, आणि प्राचार्यांना अर्ज दिला.

"घटना घटनेच्या जागी," प्राचार्य म्हणाले. "जर्नल विभागाच्या अखत्यारीतलं." त्यांनी अर्ज अभिप्रायासाठी कुलथे सरांकडे पाठवला.

सरांनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. "सक्ती या शब्दातला क्ती दीर्घ असतो, मिस रोकडे. ज्या गोष्टीची तक्रार करायची, ती आधी नीट लिहिता यावी." वर्ग हसला. सुमन मान खाली घालून बसली, पण हसली तीही. मनकर्णाने कागद घेतला आणि घडी घालून ठेवला. चूक खरीच होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आसाराम वर्गाच्या दारात आला. "ताई, वडील आलेत तुमचे. लॅबमधी."

तिने घरी अक्षरही कळवलं नव्हतं. कळवलं होतं सरांनी, पोस्टकार्डावर.

कोंडीराम रोकडे दुष्काळी कामावरची खडी फोडायची सोडून आले होते. चपला दाराबाहेर, सदऱ्याची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली, हातात कुंकवाची वाटी. एका टोकापासून त्यांनी बाराच्या बारा पेट्यांना बोट लावत आणलं होतं. सर हाताची घडी घालून मागे उभे होते.

"झालं साहेब," कोंडीराम म्हणाले. "समद्यास्नी लावलं. आता पोरीची सही करा."

"छान केलंत. पण कोंडीराम, परीक्षा तुमची आहे का?"

 कोंडीरामांनी वाटी मनकर्णापुढे धरली. "लाव."

"आबा, तुम्हीच तर..."

"मी घेतली हुती दीक्षा. तू तीन वरसाची हुतीस, तुला कोन इचारलं हुतं? दसऱ्यालाच लावून मोकळी व्हायची हुतीस. आमी तुला शिकाय धाडलं. हे करायला न्हाई."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग होता, आणि तो सरांवर नव्हता.

आसारामने कुलूप काढलं. मनकर्णाने बोट बुडवलं आणि सात नंबरवर टेकवलं.

"आता हात जोड," सर म्हणाले. तिने जोडले.

"बघा, काही झालं का?" सरांनी तिथेच उभ्या उभ्या अकरा कोऱ्या पानांवर सह्या केल्या. "आकडे सुमनच्या जर्नलवरून उतरून घे. चौथ्या दशांशात थोडा थोडा फरक कर, नाहीतर बाहेरच्या परीक्षकाला कळेल. हुशार आहेस तू, जमेल."

एस.टी. स्टँडवर राजूरची गाडी लागली होती. कोंडीरामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुझ्या आईला बोलू नगं. तिला कळलं तर ती मला विहारात पाय ठिवू द्यायची न्हाई."

"नाही सांगणार."

"आन् तू लावलंस, ते मीबी पाह्यलं न्हाई."

"बरं."

गाडी गेली. वसतिगृहावर येऊन तिने सुमनचं जर्नल डाव्या बाजूला उघडून ठेवलं. पहिला प्रयोग, रिकाम्या मुशीचं वजन. सुमनचं होतं १८.२४१७. मनकर्णाने १८.२४१ इथवर उतरवलं.  मग मनाने ३ लिहिला आणि पुढच्या ओळीकडे वळली.