फटफटीला आधी काय लावायचं

माझा पुंडलिक जेवताना ताटाकडं बघत न्हाई, दाराकडं बघतो. दाराबाहेर त्याची फटफटी उभी असते. पानातला भात गार होतो आणि हा बायकोला विचारतो, "तारा, तिच्यावर पोतं घातलंस न्हवं? दव पडतंय." लग्न होऊन दुसरा दसरा आला, पण तिला स्वतःला दवात अंगावर घ्यायला काय हाय का, हे त्यानं विचारलेलं माझ्या कानांनी ऐकलं न्हाई.

कॅसलरॉकचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्याकडनं ह्यानं ती घेतली. लाकडाच्या ठेक्यावर फिरायला बरी पडंल म्हणाला. ठेका रानात, आणि ही बया सडक सोडून पाऊल टाकत न्हाई. म्हणजे रानात हा चालतच जातो, आणि संध्याकाळी आला की तिला पुसत बसतो.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण ताराचं माहेर मोलेंला, अनमोडचा घाट उतरून खाली गोव्याच्या हद्दीत. दसऱ्याचं सोनं द्यायला जावई जातो, तो गेल्या वर्षी बैलगाडीतनं गेला. यंदा ताराला मागं बसवून फटफटीवरनं येतो, असा निरोप ह्यानं सासऱ्याला धाडून दिला. मला विचारायच्या आधी. नाक्यावरचा पोर्तुगीज शिपाईसुद्धा साहेब समजून सलाम ठोकंल, असं ताराला सांगत होता.

आणि गाडीची दशा काय, तर दिवा न्हाई. मागं बसायला लोखंडाची उघडी जाळी. भोंग्याचा रबर फाटका. आणि मागच्या चाकाच्या कडीवर दाबणारा लाकडाचा ठोकळा, साहेब ज्याला ब्रेक म्हणायचा, तो झिजून सुपारीएवढा उरलेला. पुढचा ब्रेक साहेबाच्या वेळेपासून नुसता नावाला. हे मला कसं ठाऊक? मी गाडीभोवती फिरून बघितलं. माझी सून ज्याच्यावर बसणार ते मी बघणार न्हाई तर कोण बघणार?

येसाजी लोहाराला बोलावलं. तो पडवीत टेकला, तंबाखू मळली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खंडेनवमीला माझी हत्यारं पूजेला बसत्यात. त्येच्या आत दोनच कामं व्हतील. चार न्हाई. कंची दोन ते घरात ठरवा."

"दिवा आणि मागची बैठक," पुंडलिक म्हणाला. विचारच केला न्हाई त्यानं.

"ब्रेक," मी म्हणाले.

"आये, ब्रेक हाय की. थोडा झिजलाय."

"दातबी थोडा झिजला की चावत न्हाई. दिवा कशाला? सकाळी निघ, उन्हात पोच."

"घाटात धुकं असतंय. समोरचं दिसाय नको?"

हे मात्र त्याचं खरं होतं. अनमोडला सकाळीसुद्धा धुकं असं उतरतं, की बैलाची शिंगं गाडीवानाला दिसत न्हाईत.

"बरं. दिवा लावलास. धुक्यात म्होरं गाडी आडवी दिसली. मग काय करशील?"

"थांबीन."

"कशानं?"

तो येसाजीकडं बघायला लागला. येसाजी तंबाखूकडं बघायला लागला.

नवी नवरी होते तेव्हा हे, पुंडलिकचे वडील, मला घेऊन तोच घाट उतरले होते. उतार आला की गाडीच्या मागं दोरानं ओंडका बांधायचे, तो जमिनीवरनं घासत यायचा आणि गाडी बैलांच्या अंगावर जायची न्हाई. खर्र खर्र करत तो ओंडका सारा घाट माझ्या मागं होता. त्या आवाजात मला झोप लागायची. आवाज थांबला की दचकून जाग यायची. आता हे न्हाईत, तापानं गेले. पण घाट तसाच हाय, आणि ह्या फटफटीच्या मागं ओंडका बांधता येत न्हाई.

"बैठक ऱ्हाऊ दे," तारा आतनं म्हणाली. "मी पोतं घडी करून बसीन. आत्ती म्हणतात तसं करा."

पुंडलिकनं तिच्याकडं असं बघितलं, जसं तिनं पंचायतीत त्याच्याविरुद्ध साक्ष दिली.

शेवटी ब्रेक आधी आणि दिवा नंतर, असं ठरलं. येसाजीनं खैराचा नवा ठोकळा तासला, त्याच्यावर बैलाच्या जुन्या पट्ट्याचं जाड चामडं खिळ्यांनी बसवलं. घरापुढचा उतार खाली ओढ्यापर्यंत जातो. तिथं मी पुंडलिकला एकट्याला गाडी सोडायला लावली आणि मधेच "थांब" म्हणून ओरडले. गाडी थांबली. परत ओरडले, परत थांबली. येसाजी म्हणाला, "अव्वा, आता तुमी बसून बघता का?" मी म्हणाले, "तू तुझा दिवा लाव." पण त्या दिवशी मी पोटभर जेवले.

खंडेनवमीला येसाजीचा भाता बंद झाला. आमच्याकडं कोयते, कुऱ्हाडी, नांगर, सगळं धुऊन पडवीत मांडलं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. पुंडलिकनं फटफटीला माळ घातली, येसाजीनं बसवलेल्या घासलेटच्या दिव्यावर गंध लावलं, दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवलं. मला बरं वाटलं. म्हटलं, साहेबाची गाडी घेतली तरी पोरगं घरचं वळण विसरलं न्हाई. मी आत घारग्यांची कढई उतरवायला गेले.

बाहेर फटफटी सुरू झाल्याचं ऐकू आलं. ओढ्याकाठच्या सातेरीच्या देवळापर्यंत ताराला घेऊन जायचं, नारळ ठेवायचा आणि परत यायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. उद्याच्या घाटाची तेवढीच तालीम.

तेवढ्यात म्हादू, आमचा गाडीवान, चुलीपाशी येऊन उभा राहिला. तोंड पाडून.

"अव्वा, एरंडेल काढा की दुसरं."

"बुधली भरून दिली हुती सकाळी."

"पुंडलिक अण्णांनी सगळं फटफटीला घातलं. बैलगाडीच्या आसाला थेंब ठेवला न्हाई. नवमीला आसाला तेल न्हाई घातलं तर वरीसभर गाडी कुरकुरती."

"फटफटीला कुठं घातलं?"

"चाकाला. आपण धावंला लावतो तसं. दोन्ही चाकं माखली बघा, मागचं तर आतबाहेर. चामड्याच्या त्या ठोकळ्यालाबी पाजलं. म्हणाले, नवीन हाय, मऊ ऱ्हाऊ दे."

झारा तिथंच टाकून मी उठले.

बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेला नवमीला आम्ही तेलाचा हात लावतो. माझ्या सासऱ्यानं लावला, ह्यांनी लावला. बैलगाडी त्या धावेनं थांबत न्हाई. फटफटी मात्र चाकाच्या कडीवर ठोकळा घासूनच थांबते.

मी पडवीत आले तर गाडी उतारावर. ताराचा हिरवा पदर मागं उडताना दिसला. मी ओरडले, "थांब." त्याच्या पायानं ब्रेकची कांडी दाबलेली मला दिसली. परत दाबली. गाडी जशी होती तशीच गेली, उलट आणखी जोरात. मग वळणावरच्या करवंदीच्या जाळीआड गेली आणि फट् फट् करणारा आवाज एकदम बंद झाला.

त्या उतारावर मी किती वर्षांनी पळाले ते मला ठाऊक न्हाई. पायात वहाण न्हवती. एकच कळत होतं. वळण घेतलं तर पुढं ओढा, आणि ओढ्यात धोंडे. न घेतलं तर शेजारच्या म्हातारबाचं भातशेत.

वळण त्यानं घेतलं न्हवतं.

पिकल्या भातातनं एक मोठी वाट आडवी पडली होती. तिच्या शेवटाला फटफटी कुशीवर, वरचं चाक अजून फिरत होतं. तारा चिखलात बसली होती. केसांत लोंब्या, कोपर सोलपटलेलं, नारळ छातीशी धरलेला.

"लागलं गं?"

"न्हाई, आत्ती." तिनं नारळ कानाशी हलवून बघितला. "नारळ फुटला न्हाई."

मी तिला उठवलं, हात-पाय चाचपले, मान फिरवून बघितली. सगळं जागच्या जागी होतं.

पुंडलिक फटफटीपाशी गुडघ्यावर बसला होता. धोतराच्या सोग्यानं काहीतरी पुसत होता. आमच्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला.

"आये," तो म्हणाला, "दिवा वाचला."

मी काही बोलायच्या आधी ताराकडं बघितलं. ती मान खाली घालून केसांतली एकेक लोंबी काढत होती. म्हादू मागनं धापा टाकत आला होता, त्याच्यादेखत बोलू नये असं मनात आलं. मग म्हटलं, ऐकू दे. गावानं ऐकलं तरी चालंल.

"पुंडलिक," मी म्हणाले, "तो वाचलेला दिवा काढ आणि हातात धर. उद्या तारा बैलगाडीत बसून माहेरी जाईल, म्हादू हाकंल, मागं ओंडका बांधंल, आणि धुकं लागलं की तू दिवा घेऊन बैलांच्या म्होरं चालशील. नाक्यावरच्या शिपायाला तुला सलाम ठोकायचा असंल तर तो तसाच ठोकंल. आणि ज्या दिवशी ह्या बाईला लागलं का, हे तू दिव्याच्या आधी विचारशील, त्या दिवशी मी स्वतः राखेनं ह्या चाकाचं तेल काढून देईन."