पांडुरंगाच्या मागची माणसं

आमची वस्ती वरवंडच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला. घरं पंचेचाळीस, पण सप्ताह मोठ्या गावाच्या तोडीचा. मंडप आदल्या दिवशी उभा राहतो, दुसऱ्या दिवशी पहाटे वीणापूजन होतं आणि मग सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन-दोन तासांचा पहारा. पहाटेच्या पहाऱ्याला माणसं भांडतात, संध्याकाळच्या कीर्तनाच्या वेळी तर वशिले लागतात. दुपारी दोन ते चारचा पहारा मात्र कुणालाच नको असतो. पोटात सप्त्याची डाळ-चपाती, डोक्यावर तापलेला पत्रा, समोर सगळा मंडप आडवा झालेला.

हा पहारा अकरा वर्षं भिमाजी आप्पांनी केला. ऐकायला पांडुरंगाशिवाय कुणी जागं नसताना माणूस दोन तास उभा. पुष्कळ मोठमोठ्या महाराजांची कीर्तनं मी मांडी घालून ऐकली, पण भक्ती कशाला म्हणतात ते मला त्या दुपारच्या दोन तासांत जास्त कळलं.

आप्पा मार्गशीर्षात गेले. सप्त्याच्या बैठकीला त्यांच्या मंडळी सोजराबाई आल्या. अकरा वर्षं या बाईनं पंगतीच्या चपात्या लाटल्या, कधी काही मागितलं नाही. त्या दिवशी म्हणाल्या, "यंदाच्या फ्लेक्सावर ह्यांचा फोटू लावा. घरात एकबी न्हाई."

खरंच नव्हता. आप्पा फोटोला उभेच राहायचे नाहीत. आधार कार्डावरचा होता, पण तो पाहून सोजराबाईच म्हणाल्या होत्या की हा माणूस मी वळखत न्हाई. एकदाच, पाच वर्षांमागं, फ्लेक्सवाल्या विनोदनं मंडपाच्या खांबाआडून मोबाईलवर त्यांना टिपलं होतं. गळ्यात वीणा, डोळे मिटलेले. त्या वर्षी ते फ्लेक्सावर झळकले आणि आप्पा सात दिवस त्या बाजूनं गेले नाहीत. तो मोबाईल पुढं विहिरीत पडला, फ्लेक्स कुणाचा तरी कांदा झाकायला गेला. उरली विनोदच्या कॉम्प्युटरमधली फाईल. दरसाल तीच उघडून तो नवा फ्लेक्स करायचा.

विनोदचं दुकान आधी चौफुल्याला होतं. लग्नानंतर तो शिरूरला गेला, आणि आमची फाईल त्याच्यापाशी म्हणून आम्हीही गिऱ्हाईक तिकडचेच झालो. सप्त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. फाईल उघडत नाही म्हणाला. पोपटराव, म्हणजे आमचे सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, यांनी लगेच जीप काढली. न्हावऱ्यापर्यंत ते विनोदला बोलत होते, न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत कॉम्प्युटरला.

दुकानात विनोद घामाघूम बसला होता. फाईल उघडायला टाकली की पट्टी पुढं सरकायची, शेवटाला जाऊन थांबायची, पडदा पांढरा व्हायचा, विनोद माऊस दाबत सुटायचा आणि सॉफ्टवेअर बंद. सकाळपासून सात वेळा झालं होतं. शेजारच्या दुकानातल्या मशीनवरही करून झालं, तिथं तर सगळं मशीनच बंद पडलं. भरीत भर म्हणजे दुरुस्तीसाठी पाच वाजता लाईट जाणार होती आणि ती सकाळीच यायची होती. म्हणजे छपाई पाचच्या आत, नाहीतर आप्पांशिवायच वीणापूजन.

पोपटराव म्हणाले, पेनड्राईव्ह काढून पुन्हा घाल. विनोद म्हणाला, मामा, पेनड्राईव्ह लावलेलाच नाही.

एवढ्यात विनोदची बायको तेजश्री आली. ती सणसवाडीला एका कारखान्यात मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग करायची, आता घरचं दुकान बघते. तिनं नवऱ्याला उठवलं, खुर्चीत बसली आणि आधी फाईलचं वजन पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. एका फ्लेक्सात एवढं काय भरलंय, असं तिनं विचारलं. विनोद म्हणाला, माणसं.

तिनं आम्हाला समजेल असं सांगितलं. साधा फोटो मोठा केला की फाटतो, अंधुक होतो. म्हणून विनोद फोटोवरनं रेघा काढून घेतो. टिंब, टिंब जोडून रेघ, रेघांतून चेहरा. तो कितीही ताणा, आठ फुटी करा, तसाच राहतो. पण फाईल उघडताना मशीनला प्रत्येक टिंब मोजून जागेवर ठेवावं लागतं, वर रंग भरावा लागतो. आप्पांच्या एकट्या मिशीत चार हजार टिंबं असतील, ती म्हणाली.

तिनं सॉफ्टवेअरला आधी हुकूम दिला की रंग भरू नको, नुसत्या रेघा दाखव. मग फाईल उघडायला टाकली. पट्टी सरकली, शेवटाला थांबली, पडदा पांढरा झाला. विनोदचा हात सवयीनं माऊसकडं गेला. तेजश्रीनं तो वरच्यावर धरला.

"मेलं नाहीये ते," ती म्हणाली. "गप्प बसून काम करतंय. तुम्ही सकाळपासून सात वेळा त्याचा गळा दाबलाय."

किती वेळ लागेल ते तिलाही सांगता येईना. तोवर माऊसला कुणी हात लावायचा नाही. विनोद तर खुर्चीभोवती घिरट्या घालत होता. म्हणून मी म्हणालो, आपण पहारा लावू. पाऊण वाजला होता, मी बसलो. दोन वाजता पोपटरावांची पाळी आली.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. हात मागं बांधून पांढऱ्या पडद्यासमोर उभे राहिले. एक जण वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आला, त्याला बोट ओठावर ठेवून बाहेर घालवला. बाकावरून मी पाहत होतो. अडीचला त्यांनी पाय बदलला. पावणेतीनला मान खाली आली, परत वर गेली. तीनला मला म्हणाले, "संपतराव, आप्पा हे कसं करायचे ओ?"

सव्वातीनला पडद्यावर रेघा उमटल्या.

आम्ही सगळे पुढं वाकलो आणि काहीच कळेना. मध्ये विटेवरचा पांडुरंग, तोही नुसत्या रेघांचा, आणि त्याच्या अंगातून आरपार चेहरेच चेहरे. एकावर एक, नाकात कान, फेट्यात दाढी. अकरा वर्षांचं सगळं गणगोत तिथं दाटीवाटीनं बसलं होतं. रंग नव्हते म्हणून मागचं झाकलेलं सगळं दिसत होतं. तेजश्रीनं हळूच मोजलं. एकटे पोपटरावच अकरा निघाले, दरसाल थोडे थोडे जाड होत गेलेले.

तिनं नवऱ्याला विचारलं, जुनी माणसं काढली का नाहीत. विनोद मान खाली घालून म्हणाला, दुसऱ्या वर्षी एकाचा चेहरा काढला होता. आठच दिवसांत तो माणूस मोटारसायकलवरून पडला. हाड मोडलं नाही, पण त्याची आई दुकानात येऊन बसली की माझ्या पोराला तूच पुसलास. तेव्हापासून विनोदनं कुणालाच पुसलं नाही. नवी माणसं आली की जुनी उचलायची आणि पांडुरंगाच्या मागं सरकवायची.

"जिवंत माणसाला पुसायचं कसं?" तो म्हणाला. "देवाच्या मागं बरी राहत्यात."

 माझ्या मनात आलं, कीर्तनात याहून वेगळं काय सांगतात?

तेजश्रीनं घड्याळाकडं बोट केलं. या फाईलीत काही हलवायला गेलं की ती परत बंद पडणार. नव्या कोऱ्या फाईलीत एकेकाला उचलून न्यायचं, तर एका माणसाला तीस मिनिटं. छपाईला अर्धा तास सोडला, तर पांडुरंग आणि आणखी एक जण, एवढाच वेळ. बाकीच्यांना ती पुढच्या आठवड्यात वर्षावार वेगळं करून देईल, पुसणार कुणालाच नाही. पण यंदाच्या कमिटीचे तेवीस चेहरे आज फ्लेक्सावर जाणार नव्हते.

तेवीस घरांचा प्रश्न होता. फ्लेक्सावर चेहरा नाही म्हणून आमच्याकडं माणसं लग्नाला यायची थांबतात. पोपटरावांनी टोपी काढली, परत घातली.

"आप्पांना घे," ते म्हणाले. "बाकीच्यांची नावं लिही. माझंबी नावच टाक."

तिनं कामाला सुरुवात केली. जरा वेळानं ते तिच्या खुर्चीमागं गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्षर तेवढं ठसठशीत असू दे, पोरी."

पाचला चार मिनिटं कमी असताना मशीनमधून फ्लेक्स बाहेर आला. शेवटचं नाव छापून झालं आणि लाईट गेली.

दिवस मावळताना आम्ही वस्तीवर पोचलो. मंडपात फ्लेक्स ताणला, तेव्हा तेवीस घरांतली माणसं आपला चेहरा शोधायला आली होती. शोधून झालं. मग हळूहळू कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले. रुसायला आलेले दोघे तर सतरंज्या अंथरायला लागले. आठ फुटी आप्पा डोळे मिटून उभे, मिशीचा केस न् केस जागेवर.

सोजराबाई पिठाच्या हातानंच आल्या. मान वर करून त्यांनी पाहिलं.

"जल्मभर फोटूपासून पळाला ह्यो माणूस," त्या म्हणाल्या. "आता जातोय कुठं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पहाऱ्याच्या वहीत कुणाचंच नाव नव्हतं. पोपटराव पाय धुऊन आले आणि वीणा गळ्यात घेऊन त्या फ्लेक्साखाली उभे राहिले. पंगत आवरून सोजराबाई बाहेर निघाल्या होत्या. जाता जाता त्यांच्यापाशी थांबल्या.

"भाऊजी, डुलकी घेऊ नगा. डोळं मिटल्यालं असलं तरी त्येंना समदं दिसतं."